हिरोशिमाची मुलं आणि तुमच्या बहिणीचं स्थळ

एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या धाकट्या बहिणीला एका रुग्णालयात रेडिओथेरपी (कॅन्सरवर किरणांनी उपचार) तंत्रज्ञ म्हणून नोकरी लागली आणि ठरत आलेलं स्थळ त्यावरून अडलं. मुलाच्या आई म्हणाल्या, "हिरोशिमात अजून व्यंग असलेली मुलं जन्माला येतात. ही तर रोज त्याच रेडिएशनमध्ये उभी राहणार." ताई लिहितात, शाळेत आम्हीही हेच शिकलो. मग हे खरं आहे का? आणि खरं असेल तर त्या शहरात आज सुमारे १२ लाख माणसं राहतात ती कशी?

मी २६ वर्षं मेडिकल फिजिसिस्ट आहे, म्हणजे रुग्णालयातल्या किरणांचं मोजमाप बघते; त्यातली बरीचशी वर्षं विभागाची रेडिएशन सेफ्टी ऑफिसर. हा प्रश्न मला नवीन नाही. दर वर्षी नव्या बॅचमधली एखादी तरी मुलगी दार लोटून आत येते, इकडचं तिकडचं बोलते आणि निघता निघता हेच विचारते. मुलगे सहसा विचारत नाहीत. त्यांचं लग्न या कारणावरून अडत नाही.

आधी उत्तर देते. नाही. बॉम्बनंतर गर्भ राहून जन्मलेल्या मुलांत व्यंगांचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. या विषयावरचा जगातला सगळ्यात मोठा तपास त्याच दोन शहरांत झाला. तो कसा झाला हे सांगितल्याशिवाय माझ्या "नाही"ला वजन येणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

युद्धानंतर जपानमध्ये धान्य रेशनवर होतं. गरोदर बाईला पाचव्या महिन्यापासून जादा शिधा मिळे आणि त्यासाठी नाव नोंदवावं लागे. अमेरिकेने १९४७ साली हिरोशिमा आणि नागासाकीत 'अॅटॉमिक बॉम्ब कॅज्युअल्टी कमिशन' ही संस्था उभी केली होती. एबीसीसी म्हणून ती ओळखली जाते. तिच्या शास्त्रज्ञांनी शिध्याची ही नोंदच हाताशी धरली. नाव घालायला आलेल्या बाईला विचारलं जाई, बॉम्ब पडला तेव्हा तू कुठे होतीस, नवरा कुठे होता. बाळंतपणं बहुतेक घरीच, सुईणीच्या हातून होत. बाळ झालं की निरोप जाई आणि डॉक्टर घरी येऊन त्याला तपासत. १९४८ ते १९५४ या काळात अशी सुमारे ७७ हजार बाळं पाहिली गेली. मोठं व्यंग शंभरातल्या एकाहून किंचित कमी बाळांत निघालं, आणि आईबाप बॉम्बच्या तडाख्यात सापडलेले असोत वा नसोत, त्या प्रमाणात ठरवून सांगता येईल असा फरक नव्हता. ही मुलं मोठी झाली तसे त्यांच्या पिढीतले मृत्यू, कॅन्सर, गुणसूत्रं हेही तपासलं गेलं. आईबापांना लागलेल्या किरणांच्या डोसचा माग मुलांत लागला नाही.

एक गोष्ट लपवणार नाही. उंदरांवर मोठे डोस देऊन केलेल्या प्रयोगांत पुढच्या पिढीत दोष दिसतात. माणूस काही वेगळ्या मातीचा नाही. त्यामुळे माणसातही थोडा धोका असणार असं गृहीत धरूनच किरणांजवळ काम करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या डोसच्या मर्यादा ठरवल्या आहेत. पण तो इतका लहान आहे की हिरोशिमासारख्या भयानक डोसनंतरही ७७ हजार बाळांत तो वेगळा उठून दिसला नाही.

मग शाळेत शिकवलेलं आलं कुठून? ते निव्वळ खोटं नव्हतं. बॉम्ब पडला त्या क्षणी जी बाळं पोटात होती, त्यांच्यातल्या काहींचं खरोखरच फार वाईट झालं. गर्भाच्या आठव्या ते पंधराव्या आठवड्यात मेंदूच्या पेशी तयार होऊन आपापल्या जागी सरकत असतात. नेमक्या त्या दिवसांत मोठा डोस बसला तर डोकं लहान राहतं, बुद्धीची वाढ खुंटते. १ ग्रे डोसला तीव्र मतिमंदत्वाची शक्यता सुमारे ४० टक्के, हा आकडा त्या मुलांवरूनच आपल्याला कळला. ग्रे हे शरीरात जिरलेल्या किरणोत्सर्गाचं माप. अशा मुलांच्या आईबापांनी १९६५ मध्ये आपली एक संघटना काढली. तोवर कित्येकांना पोटातल्या बाळाला बॉम्ब लागला होता हे कुणी नीट सांगितलंही नव्हतं. त्या मुलांना पोटात असताना प्रत्यक्ष किरण लागले होते. त्यांना वारशाने काही मिळालं नव्हतं. पण सांगोवांगी हा फरक पुसला गेला आणि "तेव्हा पोटात होती ती" याचं "आजही जन्मतात ती" झालं.

आता त्या डोसाविषयी, कारण मुलाच्या आईंच्या बोलण्यातला "त्याच रेडिएशनमध्ये" हा शब्द मला सगळ्यात जास्त खुपला.

६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी हिरोशिमावर सुमारे ६०० मीटर उंचीवर तो बॉम्ब फुटला. त्यात ६४ किलो युरेनियम होतं. त्यातलं १ किलोच्या आसपासच विखंडन पावलं, म्हणजे त्याचे अणू फुटले, आणि १५ हजार टन टीएनटी या स्फोटकाच्या बरोबरीचा स्फोट झाला. ९ ऑगस्टला ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर फुटला तो प्लुटोनियमचा, त्याहून मोठा. विखंडनाचा शोध १९३८ च्या डिसेंबरात लागला होता. तिथून सात वर्षांच्या आत, अमेरिकेने सुमारे २ अब्ज डॉलर ओतून ओक रिजला युरेनियम वेगळं काढलं, हॅनफर्डला प्लुटोनियम बनवलं आणि लॉस अलामॉसला ओपनहायमरांच्या हाताखाली बॉम्ब जुळवला. मला यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की बनवणाऱ्यांनी किरणोत्सर्गाचा विचार फारसा केलाच नव्हता. जो माणूस किरणांनी मरण्याइतका जवळ असेल तो स्फोटाने आणि आगीने आधीच मेलेला असेल, असा त्यांचा हिशेब होता.

तो चुकला. हिरोशिमाचं रेड क्रॉस रुग्णालय स्फोटाच्या केंद्रापासून दीड किलोमीटरवर होतं. इमारत उभी राहिली. तिथल्या डॉक्टरांनी तळघरात ठेवलेल्या एक्स-रे फिल्म काढल्या तर न वापरलेल्या सगळ्या फिल्म काळ्या पडलेल्या. जाड भिंती आणि जमीन ओलांडून काहीतरी आत आलं होतं. माझ्या पिढीने छातीवर डोस मोजणारे फिल्म बॅज वापरलेत. धुऊन आलेली फिल्म काळी दिसली की पोटात गोळा येतो, मग तो बॅज चुकून मशिनच्या खोलीत राहिला होता असं कळेपर्यंत घास गिळत नाही. त्या डॉक्टरांपुढे तर अख्खा साठा काळा पडलेला होता, आणि बाहेरच्या अंगणात ज्यांच्या अंगावर ओरखडाही नव्हता अशी माणसं होती. दोन-तीन आठवड्यांनी त्यांचे केस मुठीमुठीने गळू लागले, हिरड्यांतून रक्त आलं, कातडीवर जांभळे ठिपके उठले. हाडांतली, रक्त तयार करणारी अस्थिमज्जा संपली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात जनरल ग्रोव्ह्ज, म्हणजे या सगळ्या प्रकल्पाचे प्रमुख, अमेरिकी सिनेटच्या समितीला सांगत होते की डॉक्टरांच्या मते असा मृत्यू फार सुखाचा असतो. मी अस्थिमज्जा गेलेले रुग्ण पाहिले आहेत. ते वाक्य मला आजही वाचवत नाही.

कुणाला किती डोस लागला हे कसं कळलं? बॅज तर कुणाच्याच छातीवर नव्हता. एबीसीसीची माणसं घरोघर गेली. तुम्ही कुठल्या खोलीत होता, तोंड कुठल्या दिशेला होतं, मध्ये भिंत कशाची होती, असं विचारून प्रत्येकाच्या घराचा नकाशा काढला. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात १९६२ मध्ये ४६५ मीटर उंच मनोऱ्यावर उघडी अणुभट्टी टांगली, खाली जपानी पद्धतीची लाकडी घरं बांधली आणि आत किती किरण पोचतात ते मोजलं. आणि जपानी शास्त्रज्ञांनी कौलं गोळा केली.

कौलांची गोष्ट मी नव्या तंत्रज्ञांना बॅज हातात घेऊनच सांगते. आपल्याकडचा टीएलडी बॅज उघडलात तर आत अॅल्युमिनियमच्या पट्टीवर तीन छोट्या पांढऱ्या चकत्या दिसतात. किरण लागले की त्या चकत्या थोडी ऊर्जा धरून ठेवतात. तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो, चकती तापवतात, ती धरलेली ऊर्जा उजेडाच्या रूपाने सोडते आणि त्या उजेडावरून डोस मोजतात. कौलातल्या मातीत गारेचे बारीक कण असतात, तेही हेच करतात. भट्टीत भाजताना कौल कोरं होतं आणि तिथून पुढे जे किरण लागतील ते साठवत राहतं. हिरोशिमाच्या छपरांवरची कौलं वीस-वीस वर्षांनी तापवली तरी त्या सकाळचा उजेड त्यांनी सोडला. हे सांगून झालं की वर्गात कुणी बोलत नाही.

या सगळ्यातून आलेले आकडे असे. हिरोशिमात केंद्रापासून १ किलोमीटरवर उघड्यावर उभ्या माणसाला ४ ग्रेहून जास्त डोस बसला. २ किलोमीटरवर तोच ०.०८ ग्रेच्या आसपास उतरला. संपूर्ण शरीराला ४ ग्रे म्हणजे उपचाराविना निम्म्याहून जास्त माणसं दगावतात. आता आपला नियम बघा. अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांना घालून दिलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षी ३० च्या वर नाही. इथे १ ग्रे म्हणजे साधारण १ हजार मिलिसिव्हर्ट धरा. १ किलोमीटरवरच्या माणसाला क्षणात बसलेला डोस या वार्षिक मर्यादेच्या २०० पट होता. आणि तुमच्या बहिणीसारख्या तंत्रज्ञाच्या बॅजवर प्रत्यक्षात वर्षभरात १ मिलिसिव्हर्टही सहसा लागत नाही. निसर्गातूनच आपल्या प्रत्येकाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. मशिन चालू असताना ती दीड-दोन मीटर जाड काँक्रीटच्या भिंतीबाहेर, कन्सोलवर बसलेली असेल. लिनॅक, म्हणजे उपचाराचे किरण सोडणारं हे मशिन, बंद केला की किरण बंद. खोलीत काही उरत नाही.

काही उरत नाही, हेच हिरोशिमालाही बऱ्याच अंशी लागू पडतं. तो ताईंचा दुसरा प्रश्न.

बॉम्ब ६०० मीटरवर फुटल्यामुळे आगीचा गोळा जमिनीला टेकला नाही. विखंडनातून तयार झालेलं किरणोत्सर्गी द्रव्य जेमतेम किलोभर, आणि त्यातलं बहुतेक तप्त हवेबरोबर वर निघून गेलं. काही भाग राख मिसळलेल्या काळ्या पावसाबरोबर शहराच्या पश्चिमेला पडला. न्यूट्रॉनच्या माऱ्याने माती, लोखंड, काँक्रीट काही काळ किरणोत्सर्गी झालं, पण त्यातल्या मँगनीजचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा वेळ, अडीच तासांचं, सोडियमचं १५ तासांचं. पहिल्या दिवशीच उरलेला किरणोत्सर्ग हजारपटींनी उतरला. म्हणून नातेवाइकांना शोधायला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शहरात शिरलेल्यांना डोस बसला आणि महिन्याभराने आलेल्यांना जवळपास नाही. पुढे १७ सप्टेंबरला मोठं वादळ आलं, हिरोशिमा प्रांतात २ हजारांच्या आसपास माणसं त्यात गेली. रुग्ण तपासायला आलेले क्योटो विद्यापीठाचे संशोधकही दरडीखाली सापडले. त्या पुराने शहरावरची राखही धुऊन नेली.

चेर्नोबिलशी तुलना करतात ती इथे फसते. तिथल्या अणुभट्टीत १९० टन इंधन होतं, आग जमिनीवर दहा दिवस जळत राहिली आणि ३० वर्षं अर्धायुष्य असलेलं सीझियम आसपासच्या मातीत मुरलं. बॉम्ब जमिनीलगत फोडला तरी असंच होतं. १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटावर अमेरिकेने १५ मेगाटनांचा हायड्रोजन बॉम्ब फोडला, तेव्हा प्रवाळाचा चुरा पांढऱ्या राखेसारखा दूर समुद्रातल्या एका जपानी मच्छीमार बोटीवर पडला. २३ खलाशी आजारी झाले, एक त्याच सप्टेंबरात गेला. स्फोटानंतर महिन्याभराने नेहरूंनी अशा चाचण्या थांबवा अशी जाहीर मागणी केली. तेव्हा "हिरोशिमा वसलं, म्हणजे अणुबॉम्ब एवढा वाईट नाही" असं कुणी म्हणू लागलं तर त्याला बिकिनीची माहिती द्या.

ऑगस्ट १९४५ मध्ये अफवा होती की या मातीत ७५ वर्षं गवतसुद्धा उगवणार नाही. ९ ऑगस्टला, बॉम्बनंतर तिसऱ्या दिवशी, ट्रामचा एक तुकडा पुन्हा सुरू झाला. राखेत लवकर फुललेली म्हणून कण्हेर हे त्या शहराचं अधिकृत फूल आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की बाई बॉम्बची बाजू हलकी करते आहे. मला याचीच भीती असते, म्हणून स्पष्ट लिहिते. १९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत ७० हजारांच्या वर माणसं मेली. बहुतेक भाजून, चिरडून, आगीत कोंडून. त्यांत हजारो कोरियन होते, आग पसरू नये म्हणून पाडलेल्या घरांचा राडारोडा उपसायला शाळेतून नेलेली बारा-तेरा वर्षांची पोरं होती. पुढच्या पिढीतली व्यंगं हा या बॉम्बचा गुन्हा नाही, एवढंच मी म्हणते. त्याचा खरा गुन्हा पहिल्या पाच महिन्यांत पुरता दिसतो.

आणि पुढे कॅन्सर. १९५० पासून सुमारे १ लाख २० हजार जणांचा माग ठेवला गेला आहे, तो अजून चालू आहे. रक्ताचा कॅन्सर आधी आला, सहा-आठ वर्षांनी कळसाला पोचला. स्फोटाच्या वेळी दोन वर्षांची असलेली सादाको सासाकी त्यातच १९५५ मध्ये गेली. कागदाच्या बगळ्यांमुळे तिचं नाव तुम्ही ऐकलं असेल. दखल घेण्याइतका डोस मिळालेल्यांपैकी २००० सालापर्यंत ल्युकेमियाने गेलेल्या २०४ जणांत सुमारे ९४ मृत्यू बॉम्बमुळे वाढलेले होते. गाठींचे कॅन्सर उशिरा आले. १९५८ ते १९९८ मधल्या ७,८५१ पैकी सुमारे ८४८ किरणोत्सर्गामुळे. लोकांना हे आकडे लहान वाटतात. मला त्यात एक अपुरेपण दिसतं: मोजणी १९५० ला सुरू झाली, त्याआधी गेलेले कुणीच तिच्यात नाहीत. काळ्या पावसात भिजलेल्यांचा डोसही त्या हिशेबात नीट धरलेला नाही. त्यांतल्या अनेकांना जपानच्या कोर्टाने बाधित मानलं ते २०२१ मध्ये.

हे ज्ञान कसं मिळालं, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. एबीसीसी तपासायची, उपचार करायची नाही. हिजियामा टेकडीवरच्या तिच्या दवाखान्यात न्यायला गाडी यायची, रक्त घ्यायचे, कपडे उतरवून फोटो काढायचे आणि घरी सोडायचे. आम्ही तुम्हाला उंदीर वाटलो का, हा तिथल्या लोकांचा राग अजून विझलेला नाही, आणि तो रास्त आहे. १९७५ मध्ये ती संस्था जाऊन जपान-अमेरिकेची संयुक्त संस्था आली, वागणूक सुधारली. पण आपल्या विभागात भिंत किती जाड हवी आणि बॅजवर किती डोस चालेल, हे ज्या आकड्यांवरून ठरतं ते त्या माणसांच्या अंगावरून घेतले आहेत. पूर्वी आमची वार्षिक मर्यादा ५० होती. हिरोशिमाचे डोस नव्याने मोजले गेले, कॅन्सरचा धोका वाटला होता त्याहून जास्त निघाला, आणि १९९० नंतर जगात बहुतेक ठिकाणी ती २० वर आली. तुमच्या बहिणीला जे संरक्षण मिळणार आहे ते त्यांच्याकडून आलेलं आहे.

आणि त्यांच्या पदरात काय पडलं? वाचलेल्यांना जपानीत 'हिबाकुशा' म्हणतात. लग्न ठरवताना मुलगी हिरोशिमाची आहे का याची चौकशी व्हायची. कित्येकींनी गाव लपवलं. कित्येकांनी उपचाराचा हक्क देणारं सरकारी आरोग्य-पुस्तक १९५७ पासून मिळत असूनही घेतलं नाही, कारण ते घेतलं की मुलांच्या लग्नात आडवं येईल. कारण तेच, जे मुलाच्या आईंनी तुमच्या बहिणीला दिलं. ७७ हजार बाळांच्या तपासाचा निकाल लागून गेल्यावरही वर्षानुवर्षं हे चालू राहिलं. मार्च २०२५ ला असं पुस्तक असलेले लोक पहिल्यांदाच १ लाखाच्या खाली आले. तेव्हा त्यांचं सरासरी वय ८६ होतं.

आता तुमच्या बहिणीसाठी. पहिल्या दिवशी स्वतःच्या नावाचा बॅज मागायचा. आला नाही तोवर मशिनच्या कामाला उभं राहायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी. दुसऱ्याचा बॅज लावायचा नाही. दर तिमाहीचा अहवाल स्वतः वाचायचा आणि त्याची प्रत जपून ठेवायची, नोकरी बदलली तरी. गरोदर राहिली की लगेच सेफ्टी ऑफिसरला लेखी कळवायचं. त्या दिवसापासून बाळासाठी वेगळी मर्यादा लागू होते, १ मिलिसिव्हर्ट, जी सामान्य माणसाचीही आहे. लाजून दोन-तीन महिने कळवत नाहीत मुली, आणि आठव्या आठवड्यापासूनचा तो नाजूक काळ नेमका त्यातच सुरू होतो. आमच्याकडे कळवलं की तिला प्लॅनिंगच्या संगणकावर किंवा ओपीडीत बसवतो. माझी दोन्ही मुलं मी याच विभागात असताना झाली.

मुलाच्या आईंवर रागावू नका. त्यांनी ऐकलं ते शाळेच्या पुस्तकातलं होतं आणि त्यांना नातवंडांची काळजी आहे. त्यांना एखाद्या दुपारी तुमच्या बहिणीच्या विभागात घेऊन जा, तिथल्या सेफ्टी ऑफिसरला आधी सांगून ठेवा. मशिन बंद असताना खोलीत जाता येतं. मीटर हातात धरून आत उभं राहू द्या, मग बाहेर येऊन कन्सोलपाशी. दोन्हीकडचा आकडा त्यांना स्वतःला वाचू द्या.